पडद्याकडे न बघणारा ऑपरेटर

पडद्यावरचा गुंड मार खातो तेव्हा शिट्ट्या मारणारे तुम्ही, गावातल्या गुंडापुढे मान खाली का घालता?

गोडदेव गावच्या तंबू टॉकीजमध्ये गाव वाचवणाऱ्या हिरोच्या पिक्चरचा दुसरा भाग लागलाय. मारामारी आली की म्हातारा ऑपरेटर पडद्याऐवजी आम्हालाच न्याहाळतो. मी कारण विचारलं.

"पिक्चर पाठ हाय रं. तुमच्यातला कोन उठतो, ता बगतोय."

काल हातभट्टीवाल्यांचे दोघे तंबूत शिरून, त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केलेल्या कोळणीला ओढू लागले. ऑपरेटरने मशीन थांबवून दिवे लावले. कुणीच उठलं नाही, मीही नाही. मग तोच मधे जाऊन उभा राहिला.

"उद्या बघतो तुला, म्हाताऱ्या," म्हणत ते गेले.

आज संध्याकाळच्या खेळाला या. दिवे लागले की उठा.