नंबर तीनचं उत्तर

"नंबर दो तो हीरा निकली, साहब."

बांबूच्या चिकाच्या पडद्यापलीकडून कारकुनाचा हा आवाज आला, तेव्हा मी अलीकडे सतरंजीवर बसले होते. हातात घामानं ओली झालेली चिठ्ठी. चिठ्ठीवर उर्दूत दोनचा आकडा. म्हणजे हिरा मी. माझ्या उजवीकडे, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ नंबर तीन बसली होती. त्याच्या जरा आधी तिनं माझ्याकडे पाहिलं होतं. आणि मी —

थांबा. हे असं एकदम सांगता येणार नाही. गेल्या मंगळवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, अप्पांना नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही. सहा वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते कागदावर तरी सरळ कसं उतरावं?

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. गुलबर्ग्याला इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात नऊ वर्षं काढून बिदरला घरी आले होते. इंग्रजी वाचता येई, सुंदर अक्षरात लिहिता येई. बोलायचं म्हटलं की मात्र कुठल्याच भाषेत तोंड उघडत नसे. आत्या आल्यागेल्याला सांगायची, "लोकाच्या पोरी साळंत जाऊन बोलक्या व्हायल्यात. आमची नऊ वर्सं शिकून मुकी होऊन आली बघा!" माणसं हसत. मीही खाली बघून हसे. लाजरी म्हटलं की किती गोष्टींतून सुटका होते, हे मला फार लवकर कळलं होतं. कबुली द्यायची तर इथूनच द्यायला हवी.

भालकीच्या मुलींच्या सरकारी शाळेत दोन शिक्षिका घ्यायच्या होत्या. अप्पांचं कापडाचं दुकान. पोरगी मास्तरीण होणार असं ते नऊ वर्षं बाजारभर सांगत आले होते. त्यांनी तहसिलीत खेटे घालून मी याच मुलखातली असल्याचं मुल्की सर्टिफिकेट काढलं, अर्ज दिला, आणि मग त्यांना आठवलं की मुलाखत उर्दूत होते आणि मुलाखतीत बोलावं लागतं. म्हणून त्यांनी महादेवी अक्काला बोलावलं.

अक्का मन्नाएखेळ्ळीची. बसवण्णांना मानणारं घर. नवरा वारल्यावर ती बिदरला भावाकडे राहायला आली होती, आणि भावाच्या पडवीत आळीतल्या पोरींना शिकवायची. घरी कन्नड, आळीत मराठी. उर्दू ती पुड्या बांधायच्या रद्दी अखबारांवरून शिकली होती. भावाच्या दुकानात ती पुडी बांधायच्या आधी कागद वाचून काढायची! मला हे कळलं तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. मला नऊ वर्षं खुर्ची, टेबल, दिवा, मास्तर सगळं होतं.

अर्ज तिनंही केला होता. जागा दोन होत्या ना. "मला काय बी नको गं," ती म्हणायची, "साळंच्या मागं मास्तरणीला खोली हाय म्हणतेत. माझ्या हातानं कुलूप लावायचं एक दार पायजे. बस."

महिनाभर तिनं माझी तयारी करून घेतली. बायकांची मुलाखत पडद्याआडून व्हायची — साहेब लोक पलीकडे, उमेदवार अलीकडे, तोंड कुणाचं कुणाला दिसत नाही. म्हणून अक्कानं आमच्या माजघरात दोरीवर चादर टाकली. मला अलीकडे बसवलं आणि स्वतः पलीकडे बसून घसा खाकरत साहेब झाली. "बीबी, आप पढ़ाना क्यों चाहती हैं?" आत्या हसून हसून लोळायची. मी चादरीकडे बघत बसायची. मग चादर बाजूला व्हायची आणि अक्काचं तोंड आत यायचं.

"कामून गप बसलीस? तिकडून तुझं तोंड दिसत न्हाई. तू लाजायलीस का झोपलीस, साहेबाला कसं कळंल? हितं आवाजच तोंड हाय."

ती सांगायची — पाठ ताठ कर, म्हणजे आवाज ताठ होतो. शेवटचा शब्द गिळू नको. येत नसेल तर येत नाही म्हण, पण म्हण. तिचा स्वतःचा आवाज? कसा सांगू? खोल, स्वच्छ, जराही घाई नसलेला. तो ऐकला की आपणही काही सांगू शकू असं वाटायचं. महिन्याअखेर मी चादरीमागून चार वाक्यं सलग बोलले, तेव्हा तिनं चादर ओढून खाली पाडली आणि माझे दोन्ही गाल धरले.

मुलाखतीच्या दिवशी कचेरीत पोचलो तर कारकुनानं दारातच सांगितलं, दोन नाही, एकच जागा उरली आहे. अक्कानं माझा पदर नीट केला, वेलदोड्याचा दाणा माझ्या तळहातावर ठेवला. "एक तर एक. दोघीबी भिऊन दोघीबी पडायचं कामून?"

नंबर एक आपली उत्तरं देऊन गेली होती. पाणी देणारी म्हातारी बाई सुरई भरायला बाहेर गेली होती. पडद्याआड फक्त आम्ही दोघी. पलीकडून साहेबांनी विचारलं, "नंबर दो. एक लड़की मदरसे आती है, मगर महीनों एक लफ़्ज़ नहीं बोलती. आप क्या करेंगी?"

मला उत्तर येत होतं का? येत होतं. ती मुलगी मीच तर होते. पण घसा बंद झाला. पाठ ताठ केली — तरी बंद. शेवटी साहेब म्हणाले, "जो भी हों, जवाब दें. शर्म की बात नहीं." आणि अक्कानं उत्तर दिलं. प्रश्न आता दोघींना आहे असं तिला वाटलं असेल. की मला वाचवायला बोलली? मला माहीत नाही.

तिनं सांगितलं, अशा मुलीला मी बोलायला लावणार नाही. तिला माझ्याजवळ बसवीन, पाट्यांची पेटी तिच्या हाती देईन — बोलावं न लागणारं पण सगळ्यांना लागणारं काम. माझ्या पडवीत अशी एक पोर होती. चार महिने गप्प. एकदा एक पाटी फुटली आणि मी भलत्याच मुलीला रागावले, तेव्हा ती उठून म्हणाली, तिनं नाही फोडली. तो तिचा पहिला शब्द. साहेब, गप्प मुलीकडे बोलायला काही नसतं असं नाही. ती वाट बघत असते. आपणही बघायची.

इतकं साधं. पण तो आवाज पडद्यापार गेला आणि पलीकडची टाकाची कुरकुर थांबली. मी स्वतः विसरले की ही माझी परीक्षा आहे.

"शाबाश, नंबर दो!" साहेब म्हणाले. "अंग्रेज़ी तालीम का यही फ़ायदा है. अब नंबर तीन, यही सवाल."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

रागानं नाही. विनवणी पण नव्हती. नुसतं पाहिलं — वाट बघतात तसं. किती वेळ? तीन श्वास असतील. एक वाक्य पुरलं असतं. माझा घसा तेव्हा बंद नव्हता, हेच तर सांगायचं आहे. शाबाश ऐकताच तो मोकळा झाला होता. मला बोलता येत होतं. मी चिठ्ठीवरच्या दोनच्या आकड्याकडे बघत राहिले. लाजरीसारखी.

"साहब, मेरा जवाब यही है," अक्का म्हणाली.

"दूसरे का जवाब अपना मत बनाइए, बीबी."

पलीकडे कुणीतरी हसलं. आणि मग कारकुनाचं ते हिऱ्याचं बोलणं.

तिनं स्वतः का नाही सांगितलं? सहा वर्षं मी हे विचारत आले. आता वाटतं, गप्प पोरीला ती कधी हलवत नसे. माझ्याशीही ती तेच करत होती — आपली नोकरी जात असताना! असं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "चल, ऊन व्हायलंय." आणि आमच्या आळीच्या वळणावर, "भालकीची ती खोली आधी बघून घे. भिंतीला ओल हाय म्हणतेत."

ओल होती. मी त्या खोलीत सहा वर्षं राहिले. दाराला माझ्या हातानं कुलूप लावलं. बिदरला गेले की अक्काच्या आळीला वळसा घालून घरी जायची. शाळेत शिकवलं मात्र तिच्याच रीतीनं. भालकीजवळच्या मेहकरची एक पोर पाच महिने माझ्याजवळ पाट्यांची पेटी घेऊन गप्प बसली होती, एके दिवशी म्हणाली, "बाई, तुमचा पदर शाईत बुडलाय." सगळा वर्ग हसला. मी तिच्याकडे देवळात बघावं तशी बघत राहिले. घरोघर माझं नाव झालं. मुक्या पोरींना बोलतं करणारी बाई.

मंगळवारी तेच साहेब शाळा तपासायला आले. ओसरीवर चिकाचा पडदा. ते पलीकडे, आम्ही चौघी शिक्षिका अलीकडे. वह्या पाहून झाल्यावर ते हेडमिस्ट्रेस बाईंना म्हणाले, "यहाँ की एक उस्तानी मैंने चुनी थी. वह आवाज़ अब तक कान में है. ज़रा सुनवाइए."

बाईंनी मला पुढे ढकललं. मी सलाम केला. दोन शब्द बोलले असेन.

"यह तो वह आवाज़ नहीं."

बाई चटकन म्हणाल्या, "साहब, इन्हें ज़ुकाम है. गला बैठ गया है." आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली — हो म्हण.

मला सर्दी नव्हती. कमरेला खोलीची किल्ली होती, तिच्यावर माझा हात गेला. पाठ आपोआप ताठ झाली. शेवटचा शब्द गिळायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

"साहब," मी म्हणाले, "वह जवाब मेरा नहीं था. नंबर तीन का था. उनका नाम महादेवी है."