श्री. हॉरेस टिलमन यांचे आभार

हॉरेस टिलमनच्या बास गिटारवर निम्मं शिकागो चाळीस वर्षं नाचलं, पण हा हॉरेस कोण, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. सदुसष्ट साली तो स्टुडिओत दिवसाला सोल संगीताची चार-चार गाणी वाजवायचा. रेकॉर्डच्या कव्हरवर गायिकेचं नाव असे, फोटोग्राफरचं असे, गायिकेचे केस बसवणारीचंही असे. हॉरेसचं नसे. "तुला पैसे मिळाले ना? मग नाव कशाला?" असं निर्माता म्हणायचा. युक्तिवाद बिनतोड होता, आणि घरी तीन पोरं भुकेली होती.

२००६ साली डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या नंदूने त्याला गाठलं. नंदू नोकरीने प्रोग्रॅमर, हौसेने मराठी मंडळाच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचा म्होरक्या. त्याचा बासवाला ऐन वेळी क्लायंटकडे टेक्सासला गेला होता.

"पन्नास डॉलर आणि जेवण, अंकल."

"स्टेजवरून माझं नाव घ्याल?"

"ऑफकोर्स! आमच्यात सगळ्यांचे आभार मानतात."

तालमीत एक जुनं हिंदी फिल्मी गाणं निघालं. ऐकताच हॉरेस थबकला. ही बासची ओळ त्याचीच होती, सदुसष्टची. कुणा गुणी संगीतकाराने न विचारता, थोडी बदलून उचललेली. तो खुशीत येऊन मुळाबरहुकूम वाजवू लागला. तोच कीबोर्डवाल्या परीक्षितने हात वर केला.

"सॉरी अंकल, ओरिजिनलमध्ये असं नाहीये. प्लीज, ओरिजिनलसारखं वाजवा ना."

हॉरेसने स्वतःचीच नक्कल मुकाट्याने शिकून घेतली.

कार्यक्रम दणक्यात झाला. मग सेक्रेटरी शरयूताई आभाराचा कागद घेऊन उभ्या राहिल्या. हॉरेसला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण स्वतःचं नाव कळलं असतं. तो खुर्चीच्या कडेवर बसून कान देऊन ऐकत राहिला. मोदकवाल्या काकूंचे आभार झाले. पार्किंग सांभाळणाऱ्यांचे झाले, कचऱ्याच्या पिशव्या आणणाऱ्या अनुपचे तर दोनदा झाले. वीस मिनिटांनी लोक जेवायला उठले.

"शरयूताई, बासवाले अंकल राहिले!" नंदू धावला.

"राहिले नाहीत रे. मानधन घेणाऱ्यांचे आभार आपण मानत नाही, रूल आहे. त्यांना पैसे मिळाले ना?"

नंदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हॉरेसला जसंच्या तसं सांगितलं. हॉरेसला ते वाक्य चांगलंच ओळखीचं होतं. फक्त आता पोरं मोठी झाली होती. त्याने पन्नास डॉलरचं पाकीट खिशातून काढलं आणि शरयूताईंच्या हातात ठेवलं.

"आता?"

नियम म्हणजे नियम. शरयूताई माइककडे परत गेल्या. "आणि बास गिटारवर, श्री. हॉरेस टिलमन!"

सगळा हॉल पुरीभाजीच्या रांगेत पाठमोरा उभा होता. हॉरेसने टोपी काढली, रिकाम्या खुर्च्यांना वाकून नमस्कार केला, आणि हळूच नंदूला विचारलं, "पन्नासात नाव दोनदा घेतील का?"