शैलाताईंची वीस मिनिटं

सहा वाजले की शैलाताई मोघे हॉलला आतून कडी लावत. फ्रीगंजमधल्या त्या हॉलमध्ये आम्ही नोकरदार मंडळी हौसेने जूडो शिकायचो. आधी वीस मिनिटं मान, खांदे, गुडघ्यांचा व्यायाम आणि नीट पडण्याचा सराव; मगच जोड्या लागत. उशिरा आलेला बाहेर. रेल्वेच्या तिकीटखिडकीवर आयुष्य काढलेल्या ताई म्हणत, "गाडी सुटली की सुटली."

दीपक या कापड दुकानदाराला हे सगळं 'ताईची कवायत' वाटे. एकदा तो उशिरा आला आणि दाराबाहेरून ओरडला, "महाकाल का परसाद लाया हूँ ताई, बाहर खड़ा रखोगी?"

प्रसादाला दार कसं बंद ठेवणार? ताईंनी कडी काढली. व्यायाम न करताच तो माझ्याशी भिडला आणि तोल जाऊन माझ्या गुडघ्यावर आडवा पडला. मी कळवळत होतो. "खेल में होता है भिया," म्हणत तो कपडे झटकून गेला.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, नोकरी नुकतीच लागलेली. कुबडी घेऊन ऑफिसचा जिना चढताना रोज त्याचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. ताई खोलीवर आल्या. "चूक माझी. कडी मी काढली."

"ताई, मला त्याला पाडायचंय."

"पाड की! माफ कर असं कोण म्हणतंय? पण एका पायावर बदला होत नाही, बाळा."

आठ महिने त्यांनी मला भिंतीशी उभं करून एकेका पायावर बसवलं, उठवलं. ते ऋण फिटायचं नाही.

मग ताईंनीच आमची जोडी लावली. दीपक आता वेळेवर येई, पण व्यायामात नुसते हात हलवी. मी त्याला पाठीवर उचलला आणि लक्षात आलं, याला पडताच येत नाही. हातातली त्याची बाही सोडली तर त्याचा खांदा जाणार. ताई बघत होत्या. मी बाही घट्ट धरली. तो सपाट पाठीवर आपटला, धडधाकट.

नंतर ताईंनी हळूच विचारलं, "दया आली?"

"नाही ताई. पुन्हा पाडायचाय."

त्या खुदकन हसल्या. "मग पडायला शिकव त्याला. टिकला पाहिजे ना!"

पुढे ताई लेकीकडे भोपाळला राहायला गेल्या आणि व्यायाम घेण्याचं काम माझ्याकडे आलं. दीपकला मी मनापासून शिकवलं. आता त्याला कधी काही लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस मी त्याला पाडतो.