वहीत नसलेला दिवस

आज एकोणतीस फेब्रुवारी. सकाळी साडेआठ वाजता गच्चीवर आई आणि मी, दोघंच होतो. दुर्बिणीतून कागदावर उतरवलेल्या सूर्यावर मी सात डाग मोजले.

माझे वडील, अण्णा, रोज असे डाग मोजायचे. साधारण अकरा वर्षांत ते वाढतात आणि ओसरतात. पुढची वाढ बघायचीच, म्हणून त्यांनी अकरा वर्षांच्या तारखा वहीत आधीच लिहून ठेवल्या होत्या. तिसऱ्या वर्षी ते गेले. तेव्हापासून त्यांच्या तारखांपुढे आकडे मी भरतो.

आज पाहिलं, तर अठ्ठावीस फेब्रुवारीखाली थेट एक मार्च. एवढा काटेकोर माणूस लीप वर्ष विसरला. दर वर्षाचे वरचे सहाएक तास आपण हिशेबात धरत नाही. ते मात्र साचत राहतात आणि चौथ्या वर्षी अख्खा दिवस होऊन दारात उभे राहतात. माणसाचंही असं काही मागे साचत असेल का?

"त्यांनी हा दिवस धरलाच नाही," आई म्हणाली. "ठेवलंय तसं राहू दे की रे."

"अगं, सूर्य उगवलाय. नोंद नको?"

दोन ओळींच्या मध्ये मी बारीक अक्षरात तारीख घातली, पुढे सात लिहिला. आईने वही ओढून घेतली.

"हा सात त्यांचा आहे," ती हळूच म्हणाली. "तू असा काढत नव्हतास."

मी मागची पानं उलटत गेलो. अण्णांचे आकडे कुठे संपले आणि माझे कुठे सुरू झाले, ते मला सांगता येईना.