जीव घाबरून राह्यला

मला वर्गाची भीती वाटू लागली तेव्हा ती कुणाला सांगावी हेच कळेना. शिकवणं हे माझं काम, आणि भीती त्याचीच. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. आमच्या उंद्रीच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बाबा शेतातून येताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "पोरगी कॉलेजात शिकवून राह्यली आता." आणि तीच पोरगी एका सकाळी खडकांचे प्रकार सांगता सांगता फळ्याकडे वळली, ती तशीच उभी राहिली. छाती धडधडत होती, हाताला घाम सुटला होता, आणि मागे वळून मुलांकडे बघायचं धाडस होत नव्हतं. कशीबशी बाहेर आले. पुन्हा दोनदा तसंच झालं. मग मी रजा घेऊ लागले.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित होतं. "मनावर ताण आहे," ते म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येऊ लागली, पण वर्गाच्या दाराशी पाय अडखळायचा तो अडखळायचाच. आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. प्राचार्य भले माणूस, त्यांनी दिवाळीपर्यंत सांभाळून घेतलं. मग बोलावून म्हणाले, "सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तुम्ही वर्गावर या. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. मुलांचंही नुकसान होतंय." त्यांचं काही चुकत नव्हतं. घरी मी हे सांगितलं नाही.

दिवाळीत आई आणि मी जळगाव जामोदला मावशीकडे गेलो. मावशी मला माईंकडे घेऊन गेली; ती त्यांना गुरू मानते. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं साधं घर आहे. पुढच्या ओट्यावर माणसं बसतात, माई बोलतात, मग सगळ्यांना चहा मिळतो. चमत्कार नाही, अंगारा नाही. मला खरं तर जायचं नव्हतं. शिकलेल्या माणसाने अशा ठिकाणी जावं का, ही शंका मनात होतीच. पण माईंचं बोलणं मला आवडलं. त्या म्हणाल्या, सुख बाहेरून आणून घरात ठेवायची वस्तू नाही. आपल्या आत काय चाललंय याची आपल्याला जाग नसते, म्हणून आपण त्याच्यासोबत वाहून जातो. जाग आली की माणूस काठावर येतो. मग त्यांनी एक साधना दिली. मनात काही उठलं की ते दडपायचं नाही, बदलायचं नाही. जसं आहे तसं देवाला सांगायचं, लहान लेकरू आईला सांगतं तसं. "सुधरवत बसू नका त्याले," त्या म्हणाल्या. "फक्त सांगा."

घरी आल्यावर रोज सकाळी देवासमोर बसू लागले. इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एम.ए.ला पुण्यात असताना मी एकदा वर्गात "सर, मी लिहून राह्यली" असं म्हणाले होते. आमच्याकडे त्याचा अर्थ 'लिहिते आहे' इतकाच. मागून कुणीतरी म्हणालं, "काय राहिलं गं तुझं?" सगळा वर्ग हसला. वाईट कुणीच नव्हतं त्यात, त्यांना गंमत वाटली इतकंच. पण त्या दिवसापासून मी मले, तुले, काऊन, राह्यली हे सगळं वेचून वेचून काढून टाकलं. इतकं, की घरी आईशी बोलतानाही मी पुस्तकासारखी बोलायचे. "टीव्हीतली बाई आली वं," असं आई चिडवायची. तर देवासमोर बसून मी काय सांगत होते? "हे देवा, मी भित्री आहे. मी दुर्बल आहे. मी अपयशी आहे." हात जोडून, अगदी शुद्ध. आणि रोज उठताना मी आदल्या दिवसापेक्षा जास्त भित्री झालेली असायचे. माईंच्या साधनेवरचा माझा विश्वास उडत चालला.

महाविद्यालय उघडलं त्या सकाळी मी चिखलीच्या एसटीत बसले. निम्म्या वाटेतच छाती धडधडायला लागली. गाडीत श्वास पुरेना. एका फाट्यावर गाडी थांबली तशी मी उतरून गेले. गाडी धूळ उडवत निघून गेली आणि मी ठरवलं की परत जायचं. उंद्रीची गाडी मिळेल ती धरायची आणि बाबांना सगळं सांगून टाकायचं.

लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी दगडावर टेकले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"काय होऊन राह्यलं वं माय तुले?"

"काही नाही, आजी. मी ठीक आहे."

"आँ?"

"मी ठीक आहे!"

"मोठ्यानं बोल बाई, मले कमी ऐकू येते. पोटुशी हायेस का?"

"नाही हो!"

"मंग काय होऊन राह्यलं ते सांग ना. तोंडातल्या तोंडात काऊन बोलून राह्यली?"

त्या बाईला पुस्तकी मराठीत ओरडून काय सांगणार? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जीव घाबरून राह्यला!"

"हाव? अजून?"

"छाती धडधडून राह्यली!"

"आँ?"

"छाती! धडधडून राह्यली! हात कापून राह्यले!"

"आन रडून बी राह्यली तू," ती म्हणाली.

खरंच, मी रडत होते. मला ते तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. "हाव," मी ओरडले, "रडू येऊन राह्यलं!" समोरून सायकलवर जाणारा एक माणूस वळून वळून आमच्याकडे बघत गेला. ते पाहून आजीला हसू फुटलं, आणि तिच्या बोळक्या तोंडाकडे बघून मलाही. भर रस्त्यावर मी माझी भीती गावभर ऐकू जाईल अशी ओरडून सांगितली होती, आणि सांगता सांगता मला एक वेगळंच काही दिसलं होतं. मी भित्री नव्हते. जीव घाबरून राहिला होता. छाती धडधडून राहिली होती. हे सगळं होत होतं, चालू होतं, आभाळातून ढग जातो तसं. आणि ते बघणारी, ओरडून सांगणारी मी त्यात कुठेच बुडालेली नव्हते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी देवाला जसं सांगायचं तसं सांगितलं होतं, तेही एका बहिऱ्या म्हातारीपाशी.

"कुठी जाऊन राह्यली?" तिने डोळे पुसत विचारलं.

"परत. उंद्रीले."

तेवढ्यात चिखलीची गाडी आली. आजी झटकन उठली, हात आडवा केला, आणि गाडी थांबताच माझ्या पाठीला हात लावून मला पायरीकडे ढकललं. "हे काय, आली तुही गाडी! चढ लवकर!"

मी म्हणाले, "आजी, ही नाही, मला उंद्री..." पण तिला ऐकू कुठलं येणार? कंडक्टर ओरडत होता. आणि माझ्या मनात काय आलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. दुरुस्त करायची इच्छाच उरली नाही. कुणीतरी चढ म्हणतंय ना, मग चढावं. मी चढले. मागे वळून पाहिलं तेव्हा ती पुन्हा लिंबाखाली बसून पिशवीत काहीतरी शोधत होती.

वर्गात भीती आलीच. ती येणार नाही असं मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी टेबलाला धरून उभी राहिले आणि आतल्या आत म्हणाले, देवा, पाय कापून राह्यले, पाहून राह्यला ना तू? मग मुलांना म्हणाले, "दोन मिनिटं थांबा रे, माझा जीव जरा घाबरून राह्यला." शब्द निघून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "पाणी आणू का, मॅडम?" आणि मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माहा जीव तं दररोजच घाबरते तुमच्या तासाले." सगळे हसले. मीही हसले. हसणं तेच, पण या वेळी मी त्याच्या बाहेर नव्हते. मग खडू घेतला आणि खडकांचे प्रकार जिथे सोडले होते तिथून सुरू केले. अर्धा तास भीती माझ्यासोबत उभी होती. नंतर ती कधी गेली, माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या सुट्टीत माईंना हे सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "देवाले व्याकरण लागलं असतं तं त्यानं आपल्या माय-आज्यांचं काय ऐकलं असतं वं? तू त्याच्यापाशीबी इंटरव्ह्यू देऊन राह्यली होती." मग म्हणाल्या, "जे होऊन राह्यलं, ते सरते. पाहणारी सरत नाही. तिथं बसायले शिक, सुख तिथंच आहे."

ती आजी पुन्हा मला दिसली नाही. फाट्यावरून जाताना मी मनात हात जोडते. ती देवाची योजना होती की म्हाताऱ्या कानांची चूक, याचा निकाल लावायची मला गरज वाटत नाही. मी इतकंच जाणते की मला परत जायचं होतं आणि मला पुढे नेलं गेलं. आपण ठरवलेल्या गाडीतच बसायचा हट्ट त्या एका क्षणी सुटला, आणि जे मिळालं ते माझ्या कुठल्याच हिशोबात बसणारं नव्हतं. भीती अजूनही येते. आली की देवाला सांगते, जशी तोंडात येईल तशी.

परवा सकाळी देवासमोर बसले होते. सांगायला काहीच नव्हतं. मन शोधून पाहिलं, तक्रार नाही, मागणं नाही, भीतीही नाही. तशीच बसून राहिले. बराच वेळ आवाज नाही म्हणून आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "काय करून राह्यली वं?"

"काही नाही, माय," मी म्हणाले. "बसून राह्यली."