पंधरा वर्षांची म्हातारी

बातमीत न मावलेलं सगळं रिपोर्टरच्या डोक्यात साठत जातं. जुन्या गाड्या भंगारात काढण्याच्या योजनेवर मी इतकं लिहिलंय, की लखनौच्या आमच्या मराठी मंडळात कुणाच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली की पहिला फोन मला. जसा काही मीच यमदूत!

*

तपासणी केंद्रावर एका साहेबांशी माझी जुंपली. भंगारात निघालेली सरकारी मोटार समोर उभी, रंगसुद्धा उडालेला नाही. आणि फाटकाबाहेर एक टेम्पो काळा धूर ओकतोय.

"और ये?" मी विचारलं.

"इसके काग़ज़ अभी जवान हैं!"

मी जसंच्या तसं लिहून दिलं. संपादकांनी टेम्पो ठेवला, साहेब कापले.

*

गाड्या कापायचं यार्ड अमौसी विमानतळाच्या पुढे. तिथला मिस्त्री रामदीन डॅशबोर्डवर देव असेल तर गाडीला कटर लावत नाही. मालक विसरतात, मग रामदीनच तो देव काढून शेडमधल्या फळीवर मांडतो. गणपती, हनुमान, मक्केचं चित्र, क्रूस, सगळे दाटीवाटीने.

"कोई लेने आता है?"

"भगवान को? नहीं साहब. नंबर प्लेट माँगने आते हैं!"

*

तेलीबागेतले नेनेकाका निवृत्त शास्त्रज्ञ, सहा फुटी. त्यांची छोटी लाल गाडी चालवायच्या काकू. त्या जेमतेम पाच फूट, सीट पार पुढे ओढलेली. काका कायम डावीकडे.

काकू गेल्यावरही काका रोज सकाळी डावीकडेच बसत, हात लांबवून किल्ली फिरवत आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत. रेल्वेतल्या आमच्या जोगळेकरने एकदा टोमणा मारला, "काय काका, ड्रायव्हर आला नाही वाटतं?"

"येईल," काका म्हणाले.



*

मग काकांच्या मुलाने नवी गाडी घेतली, लाल गाडीला पंधरा वर्षं होत आलेली. पार्किंग एकच. तो काकांशी हिंदीतच बोलतो. "बाबा, रोज़ स्टार्ट करके क्या मिलता है? स्क्रैप में दे देते हैं न."

मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. गाडी ठणठणीत आहे, फिटनेस सर्टिफिकेट काढ, नोंदणी वाढव! शेवटी काकाच म्हणाले, "जाऊ दे रे. तू आपली बातमी लिही."

*

न्यायला क्रेन आली, ती काकांनी परत पाठवली. "ही आजवर कुणाच्या दोरीने गेलेली नाही." स्वतः चालवायला बसले. मी शेजारी. तेलीबाग ते अमौसी त्यांचे गुडघे स्टिअरिंगला भिडलेले, प्रत्येक वळणावर आपटत होते.

यार्डात रामदीनने हात धरून त्यांना बाहेर काढलं. "अंकल जी, सीट तो पीछे कर लेते!"

"लीवर जाम है."

डॅशबोर्डवरचा गणपती खिशात घालून काका सही करायला आत गेले.

मी वाकून लिव्हर ओढला. सीट अलगद मागे सरकली.

रामदीनने माझ्याकडे पाहिलं. मी ती पुन्हा होती तिथे आणून ठेवली.