आतली कडी

जयवंतीला हट्टी म्हणणारे लोक जूचंद्रात पुष्कळ होते, आणि त्यांतले निम्मे तिच्याच घरात राहायचे. मी तिच्याबरोबर वालीवच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं पॅक करायचे, आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. म्हणून सांगते, ती हट्टी नव्हती. आपल्याला काय हवंय ते तिला कळायचं, एवढंच. आपल्याकडे बाईला एवढं कळलं तरी लोकांना पुरतं.

सत्त्याण्णव साली तिच्या भावाने, चंद्रहासने, जुनं कौलारू घर पाडून त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधायला काढलं. जुन्या घरात जयवंती माजघरात झोपायची. माजघर म्हणजे रस्ताच. पाण्याला उठणारा, परसात जाणारा, जो तो तिच्या अंथरुणाला वळसा घालून जायचा. साडी बदलायची तर ‘कोणी येऊ नका’ म्हणायचं, पाठ फिरवायची आणि घाई करायची. चाळिशीला आलेली, बिनलग्नाची बाई, आणि हे रोजचं.

नव्या घरात तिच्या वाट्याला स्वयंपाकघराशेजारची खोली आली. तशी घरातले सगळे तिला तांदळाची खोलीच म्हणत, जयवंती तिथे झोपेल एवढंच ठरलं होतं. तरी ती खूश होती. भिंतींचा गिलावा ओला असतानाच तिने मला नेऊन खोली दाखवली. खाट इथे, आरसा तिथे. “कपाट नसला तरी चालंल,” ती म्हणाली. “दरवाजा हाय ना.”

दरवाजे बसवायला भुईगावचा व्हॅलेरियन सुतार होता. हात चांगला, पण काम देणाऱ्याच्या शब्दाबाहेर जायचा नाही. चंद्रहासने सांगितलं तशी त्याने त्या खोलीला बाहेरून कडी लावली, मांजर आणि पोरं तांदळात शिरू नयेत म्हणून. आतून काहीच नाही. कारखान्यातून सुटल्यावर आम्ही दोघी बघायला गेलो तेव्हा जयवंतीने दार आतून लोटून पाहिलं. ते आपोआप उघडलं.

“दादा, मना आतून कडी पायजे,” ती तिथेच उभ्या असलेल्या चंद्रहासला म्हणाली.

“आतून कशाला? घरान काय चोर हायत?”

“चोर नाय. मी हाय.”

चंद्रहास वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच कळलं नाही, आणि हेच मला जास्त झोंबलं. “भरल्या घरान एकटी बाई आतून कडी लावून बसते,” तो म्हणाला, “लोकं काय म्हनतील?” त्याच्या स्वतःच्या खोलीला आतून दोन बोल्ट होते, एक वर आणि एक खाली. त्यावर लोकांना काही म्हणायचं नव्हतं वाटतं. आई कृष्णाबाईसुद्धा मुलाच्याच बाजूने उभी राहिली. “माज्या जन्मान मी कंदी कडी लावली नाय,” ती म्हणाली. “माजं काय अडलं?”

रविवारी हार्डवेअरच्या दुकानातून पितळी कडी आणून जयवंतीने व्हॅलेरियनपुढे ठेवली.

“शेठना विचारतो, बाय.”

“माजा बाप आनि शेठचा बाप एकच होता,” ती म्हणाली.

तो मान खाली घालून रंधा मारत राहिला. मग तिने त्याचाच पेचकस उचलला आणि स्क्रू पिळून कडी स्वतः लावली. जरा तिरकी बसली, पण लागत होती.

संध्याकाळी चंद्रहासने ती काढून टाकली. जयवंतीने पुन्हा लावली. त्याने पुन्हा काढून नाल्यात फेकली, तर हिने दुसरी आणली. या भावाबहिणीच्या खेळात नव्याकोऱ्या सनमायक्याला चाळणीसारखी भोकं पडली. शेवटी व्हॅलेरियनच वैतागला. “शेठ, अजून एकदा काढलीत तर आख्खा दरवाजा बदलायला लागंल. भोकं दिसण्यापरीस कडी दिसूं द्या.” भोकांच्या कृपेने का होईना, कडी राहिली. भाऊ मात्र बोलेनासा झाला आणि आईही कामापुरतंच बोलू लागली. जयवंतीला त्याचं वाईट वाटत होतं. तरी कडी तिने काढली नाही.

वास्तुशांतीला घर पाहुण्यांनी भरलं. चंद्रहास सगळ्यांना लाद्या आणि छतावरची प्लॅस्टरची फुलं दाखवत फिरत होता. एका मावशीने त्या दाराशी थांबून विचारलं, “ही कोनाची खोली?”

“तांदळाची,” कृष्णाबाई म्हणाली.

“माजी,” जयवंती म्हणाली. सगळ्यांदेखत तिने मला हाताला धरून आत नेलं आणि कडी लावली.

बाहेर कुजबुज सुरू झाली. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. “मी हाय,” कृष्णाबाईचा आवाज. जयवंतीचा चेहरा ताठ झाला. आता पाहुण्यांसमोर भांडण, असं धरूनच तिने दार उघडलं.

म्हातारी आत आली. पहाटेपासून राबत होती. तिने खिडकी पाहिली, भिंत पाहिली, खाटेवर बसली. पदराची पिन काढली, अंबाडा सोडला, पाय लांब केले. इतक्या वर्षांत मी तिला अशी कधी पाहिली नव्हती.

“आये,” बाहेरून चंद्रहासने हाक मारली. “पावने निघाले. कुठं हाय तू?”

जयवंती दाराकडे वळली.

“लाव ती कडी,” कृष्णाबाई म्हणाली.

जयवंतीने कडी लावली. दारावर पुन्हा थाप पडली. म्हातारी खाटेवर आडवी झाली, भिंतीकडे वळली आणि डोळे मिटूनच म्हणाली, “नंतर ये.”